दिवसा गोष्ट सांगायची नाही

सोमारीला फेफरं यायचं तेव्हा ती आधी गप्प व्हायची. बोलता बोलता शब्द अर्ध्यावर राहायचा, डोळे एका जागी थांबायचे, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलायचे आणि एक हात पदर चाचपत बसायचा. कधी एवढ्यावरच निभायचं. कधी ती धाडकन खाली पडायची, आणि कुठे पडेल त्याचा नेम नसायचा. एकदा चुलीवर पडली होती. डावा हात कोपरापर्यंत भाजला, त्याची कातडी अजून चकाकत होती.

वारलू तिचा बाप. धानोऱ्याच्या पुढे जंगलात त्यांचं गाव. थोडी धानाची बांधी, आणि बाकीचं वर्ष मोह, तेंदू, बांबू यांवर. सोमारी लहान असताना गावात डोक्यात चढणारा हिवताप आला होता. वारलूनं बायको आणि पोरगी दोघींना एकाच गाडीत घालून धानोऱ्याला नेलं. बायको सोनीबाई वाटेतच गेली. पोरगी वाचली, पण ताप तिच्या डोक्यात काहीतरी ठेवून गेला. पुढच्या उन्हाळ्यात पहिलं फेफरं आलं आणि तेव्हापासून ते थांबलं नाही. दुसरी बायको कर म्हणून लोकांनी वारलूला खूप सांगितलं. त्यानं कोणाशी वाद घातला नाही. फक्त केली नाही.

सोमारी आता बावीस वर्षांची होती. लग्न झालं नव्हतं, होईल असं कोणी म्हणतही नव्हतं. पण गावात तिच्यावाचून एक काम अडायचं. धानोऱ्याच्या बाजाराला जायच्या आदल्या दिवशी गावातल्या बायका तिच्याकडे येऊन आपापलं सांगून जायच्या. कोणाला मीठ, कोणाला हिरव्या बांगड्या, कोणाला जावयाच्या मापाची चप्पल. गावात लिहिणारं कोणी नव्हतं, आणि सोमारीला आश्रमशाळेत चौथीपर्यंत जे लिहिता आलं ते ती विसरली होती. पण सांगितलेलं ती विसरत नसे. बरोबर कोणीतरी असे, कारण तिला एकटीला सोडत नसत. बरोबरचं माणूस टोपली धरायचं, आणि काय घ्यायचं ते सोमारी सांगायची.

सत्याऐंशीच्या एप्रिलमध्ये वारलू तिला घेऊन चंद्रपूरच्या दवाखान्यात आला. तिथे नागपूरचे डॉ. बोरकुटे येत असत. डोक्याला तारा लावून त्यांनी मशीनवर कागद काढला. नागपूरला नेऊन फोटोही काढून झाला होता. डाव्या कानाच्या वर, आत, तापानं केलेला एक डाग होता. फेफरं तिथूनच उठत होतं. गोळ्या सगळ्या करून झाल्या होत्या. दक्षिणेतल्या एका मोठ्या दवाखान्यात तेवढा भाग काढून टाकतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याआधी एक बाई पोरीची परीक्षा घेईल.

"कायची परीक्षा?" वारलूनं विचारलं. "पोरगी तर शाळेतून सुटली कवाची."

"आठवणीची," डॉक्टर म्हणाले. "जो भाग काढायचा तो काही कामाचा उरला आहे का, ते आधी पाहावं लागतं."

परीक्षा घेणाऱ्या बाईंचं नाव खोब्रागडे. मूळच्या मूलच्या, शिकून नागपूरला नोकरीला लागलेल्या. वारलूला त्या पहिल्या भेटीतच आवडल्या, कारण त्या सोमारीशी सरळ बोलल्या, बापाकडे बघून नाही.

"मले बाई म्हन नाहीतर मॅडम म्हन, चालते," त्या म्हणाल्या. "भेऊ नको. इथी कोनी नापास होत नाई."

परीक्षा दोन दिवस चालली. चित्रं दाखवली, झाकली, मग आठवून काढायला लावली. सोमारीनं ती चांगली काढली. शब्द वाचून दाखवले, ते परत म्हणायला लावले. त्यातले तिनं अर्धेच म्हटले, कारण त्या दिवशी सकाळीच फेफरं येऊन गेलं होतं आणि ती सुस्त होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी एक छोटी गोष्ट वाचली आणि म्हणाल्या, "आता तूच मले सांग."

सोमारी खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर ऊन तापलं होतं.

"सांग, पोरी. जेवढं आठवते तेवढं."

"नाई आठवत," सोमारी म्हणाली.

"थोडंसं तरी? कोनाची गोष्ट होती?"

"नाई आठवत, मॅडम."

अर्ध्या तासानं मॅडमनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर.

त्या दिवशी चार वाजता डॉक्टरांनी वारलूला आत बोलावलं. एकट्यालाच. मॅडम बाजूला बसल्या होत्या, पण बोलले डॉक्टर.

"बातमी एका अर्थी चांगली आहे," ते म्हणाले. "डाव्या बाजूचं काम शब्दांची आठवण ठेवायचं. तुमच्या मुलीची ती आठवण आधीच गेल्यासारखी आहे. गोष्ट सांगितली, एक शब्द परत आला नाही. म्हणजे तो भाग काढला तरी तिचं फार काही जाणार नाही."

"आनि फेफरं?"

"बहुतेक बंद होईल. पक्कं कोणी सांगत नाही, पण बहुतेक होईल."

वारलू बाहेर आला तेव्हा त्याचे पाय हलके झाले होते. आठवण, शब्द हे त्याच्या डोक्यात फार बसलं नाही. बसलं ते एवढंच की पोरगी आता चुलीवर पडणार नाही, नाल्यात पडणार नाही. सोनीबाईला कळलं असतं तर, असं त्याच्या मनात आलं. रोजच काही ना काही निमित्तानं ते यायचं. आज ते आलं तेव्हा त्याला रडू आलं नाही, एवढाच फरक.

त्यानं सोमारीला सांगितलं, "करतो म्हनतात."

"बरं," सोमारी म्हणाली. तिलाही हवंच होतं.

संध्याकाळी बायकांच्या वॉर्डात दिवे लागले. शेजारच्या खाटेवर सिंदेवाहीची ठमाबाई होती, लकव्यानं एक हात गेलेली म्हातारी. तोंडाला मात्र काही झालेलं नव्हतं. वारलू दाराजवळ भाकरीचं फडकं घेऊन उभा होता.

"आज त्या बाईनं काय विचारलं वं?" ठमाबाई म्हणाली. "दोन दिवस तुले कोंडून राह्यली."

"गोष्ट सांगितली."

"मंग मले सांग. इथी पडून पडून छत पाठ झालं माह्यं."

सोमारीनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर अंधार पडला होता. मग ती मांडी घालून बसली आणि सांगू लागली.

"एक कमल नावाची मास्तरीन होती. सोमवारी सकाळी सायकलवर शाळेत जाऊन राह्यली होती. पुलाजवळ काळं कुत्रं आडवं आलं. ते पडली. डाव्या हातातली घड्याळ फुटली, कपाळाले खोक पडली. मागून एक दूधवाला येत होता, त्यानं तिले उचललं अन दवाखान्यात नेलं. तीन टाके पडले. इकडे शाळेत पोरं वाट पाहून पाहून थकले. म्हनले, आज सुट्टीच हाय. त्याईनं आपल्या हातानं घंटा वाजवली अन घरी गेले."

ठमाबाई खदखदून हसली. "पोरं ते पोरंच! अन कुत्र्याचं काय झालं?"

"ते नाई सांगितलं मॅडमनं."

"अन दुधाचं? सांडलं असन नं सारं?"

"मी बी तेच म्हनलं मनात."

वारलू दारातच थांबला होता. हातातलं फडकं तसंच. पोरीनं सोमवार सांगितला होता, पूल सांगितला होता, टाके सांगितले होते. चार वाजता डॉक्टर म्हणाला होता, एक शब्द परत आला नाही.

त्यानं तिला व्हरांड्यात बोलावलं.

"हे गोष्ट मॅडमले काऊन नाई सांगितली?"

सोमारीनं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्यालाच फेफरं आलं आहे. "दुपार होती, बा. दिवसा गोष्ट सांगते का कोनी? मामा वाट चुकते."

हे वारलूला माहीत नव्हतं असं नाही. गावात दूध पिणाऱ्या पोरालाही माहीत असतं. गोष्ट रात्रीची. दिवसा सांगितली तर आईचा भाऊ रानात वाट चुकतो. आणि सोमारीचा मामा कोलू कालच घरून निघाला होता, भाचीला भेटायला. त्याच्या गावाहून धानोऱ्यापर्यंत सगळी पायवाट, आणि मोहाचे दिवस. झाडाखाली माणसांच्या आधी अस्वलं पोचतात.

"पन तिले तसं सांगाचं नं."

"सांगितलं असतं तर हासली असती. शिकेल हाय ते. मी म्हनलं, आठवत नाई. काय बिघडलं?"

भाकरी देऊन वारलू बाहेर आवारात जाऊन बसला. काय बिघडलं ते त्याला एकट्याला माहीत होतं. डोक्याचा जो भाग रिकामा समजून काढायला निघाले होते, तो रिकामा नव्हता. आणि तो भरलेला आहे असं कळलं तर डॉक्टर कदाचित कापणार नाहीत. मग पोरगी पुन्हा पडेल. आज नाहीतर उद्या अशा ठिकाणी पडेल की उठणार नाही. तो गप्प बसला तर कोणाला काही कळणार नव्हतं. पोरीलासुद्धा.

सकाळी कोलू मामा आला. पायाला धूळ, हातात चारोळीची पुडी.

"आलो बाप्पा," तो म्हणाला. "रानात नाई चुकलो. या तुमच्या चंद्रपुरात चुकलो. ज्याले विचारलं तो येगळा रस्ता सांगते."

सोमारी हसली आणि मग वारलूकडे वळली. तिचं लक्ष होतं. बाप काल संध्याकाळपासून तोंड लपवत होता.

"डॉक्टर काय म्हनला, बा? पुरं सांग."

"सांगितलं नं. करतो म्हनला."

"आनि?"

"आनि काय."

"तू खोटं बोलतं तवा कान खाजवतं."

वारलूनं कानावरचा हात खाली घेतला. कोलूसमोर, त्या आवारातल्या कडुनिंबाखाली, त्यानं तिला सगळं सांगितलं. जो भाग काढतात तो शब्द सांभाळतो. गोष्ट आली नाही म्हणून ते म्हणाले, तिथं काही उरलंच नाही. काढलं तरी काही जात नाही.

सोमारीचा हात पदराकडे गेला. वारलूला वाटलं, फेफरं येतं की काय. पण तिचे डोळे थांबलेले नव्हते.

"माह्या डोक्यात काई नाई, असं म्हनले ते?"

"तसं नाई..."

"तसंच म्हनले. आनि तू आयकून आला. काल गोष्ट आयकली तरी रातभर गप्प राह्यला."

"तुही माय गेली, सोमारी," वारलू म्हणाला. "मले तू पाह्यजे. डोकं अर्धं असन तरी चालन. जिती पाह्यजे."

"अर्धं डोकं तुले चालन. मले चालन का, ते कोनी विचारलं?"

ती उठली आणि सरळ मॅडमच्या खोलीकडे चालू लागली. वारलू आणि कोलू मागे धावले.

मॅडम परीक्षेची पेटी आवरत होत्या. सोमारीनं दारातूनच सांगितलं, "मॅडम, ते गोष्ट मले येते. सारी येते. दिवसा सांगत नाई आमी, म्हनून नाई सांगितली."

मॅडम हसल्या नाहीत. त्या खुर्चीत बसल्या आणि कपाळावर हात मारून घेतला.

"मामा वाट चुकते," त्या हळूच म्हणाल्या. "माही आजी म्हनायची. छप्पन साली दीक्षा घेतली, मंग घरातले देव गेले, व्रत गेले, हे बी गेलं. कोनी दिवसा गोष्ट सांगायले भ्यालं की बाबा रागवत, आन मुद्दाम भर दुपारी आमाले गोष्टी सांगत. मी पार विसरूनच गेली." मग त्या ताठ झाल्या. "कागदावरचं ते शून्य तुह्यं नव्हे. माह्यं आहे. बोरकुटे साहेबांना बोलावते."

डॉक्टर आले. ऐकून घेतलं. त्यांना नागपूरची गाडी गाठायची होती.

"ठीक आहे, आता सांगू दे," ते म्हणाले.

"आता दिवस हाय," सोमारी म्हणाली.

"खिडक्या बंद करू. दिवा लावू."

"सूर्याले फसवता का, साहेब?"

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "मी संध्याकाळपर्यंत थांबू शकत नाही, बाई."

"मंग नका थांबू. पन माह्या कागदावर काई नाई म्हनून लिवून जाऊ नका."

तेवढ्यात कोलू मामानं घसा साफ केला. "मी कायले हाय इथी?" तो म्हणाला. "मले समोर बसवा. बसल्या जागी मी कुठी वाट चुकीन?"

मग मॅडमनी आपली खुर्ची उचलून सोमारीसमोर ठेवली. कोलू तीवर बसला, पाय वर घेतले, दोन्ही हातांनी दांडे घट्ट धरले. सोमारीनं त्याला एकदा नीट पाहून घेतलं.

"हालजो नको, मामा."

"सांग वं. डोये लावून बसलो."

तिनं सांगितली. कमल, सोमवार, पूल, काळं कुत्रं, घड्याळ, दूधवाला, तीन टाके, घंटा. मॅडम कागदावर खुणा करत गेल्या आणि शेवटी पेन खाली ठेवलं.

"पूर्ण," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "आत्ता ऐकलेली नाही सर, काल दुपारची. रात्र मध्ये गेली तरी पूर्ण. आता आपण हिला काही जाणार नाही असं सांगू शकत नाही."

"मंग काय जाईन ते सांगा," सोमारी म्हणाली. "मले सांगा. बाले नाई."

मॅडमनी सांगितलं. त्यांनी खाली बसून, सोमारीच्या डोळ्यांत बघून सांगितलं. बापाला विसरणार नाही, गाव विसरणार नाही, जुनं बहुतेक राहील. पण नवीन ऐकलेलं टिकणार नाही, असं होऊ शकतं. कोणी काही आणायला सांगितलं तर वाटेत निसटेल. ओळखीच्या वस्तूचं नाव ओठावर येऊन अडेल. फेफरं मात्र बहुतेक थांबेल. आणि तिकडे आणखी एक परीक्षा असते, नसेत औषध सोडून अर्धं डोकं थोडा वेळ झोपवतात आणि उरलेल्या अर्ध्याला विचारतात, तुला किती येतं.

"आनि त्या अर्ध्यानं बी दिवसा सांगाले नाई म्हनलं तर?"

या वेळी डॉक्टरसुद्धा हसले. पण लगेच गंभीर झाले. "हे बघ, मी तुला घाबरवत नाही. मागच्या उन्हाळ्यात माझी एक पेशंट, तुझ्याच वयाची, फेफरं येऊन पाण्यात बुडाली. तिचीही आठवण चांगली होती. गोष्टी राखायच्या की जीव, एवढंच ठरव."

"दोनी माहेच हाय, साहेब," सोमारी म्हणाली. "गावात मले कोनी बायको करत नाई. पन बाजाराच्या आदल्या दिवशी सारं गाव माह्या दारात येते. ते बंद झालं तर मी कोन? पडनार नाई, बस. तेवढ्यासाठी नाई देत मी. गोळ्या बदलून द्या, खाईन. चीर नाई."

"घाई करू नको. विचार कर."

"तुमी केला होता का, काई नाई म्हनून लिवतानी?"

डॉक्टर उठले. बाहेर व्हरांड्यात त्यांनी वारलूला बाजूला घेतलं. आवाज खाली केला आणि संमतीचा कागद पुढे धरला. "तुम्ही बाप आहात. ती रागात आहे. तारीख मोठ्या मुश्किलीनं मिळते. तुम्ही अंगठा द्या, मी तिकडे कळवतो. दोन महिन्यांत राग जाईल, मग तीच म्हणेल बरं केलं."

वारलूनं कागदाकडे पाहिलं. काल चार वाजता कोणी हा कागद पुढे केला असता तर त्यानं दोन्ही अंगठे दिले असते. आताही त्याची भीती तशीच होती, कणभर कमी नव्हती. डॉक्टर चांगला माणूस होता, खोटंही बोलत नव्हता. पण खोलीत त्याची पोरगी बसली होती, आणि तिनं आत्ता ज्याच्या त्याच्या तोंडावर जे सांगितलं होतं, ते त्यानं ऐकलं होतं.

"साहेब, मी तुमच्याहून जास्त भेतो," तो म्हणाला. "माही एक गेली. पन तुमी मले काऊन विचारून राह्यले? तिनं सांगितलं नं."

"ती तुमची मुलगी आहे."

"मुलगी माही हाय. डोकं तिचं हाय." त्यानं अंगठा मुठीत मिटला. "मी नाई देत."

"उद्या काही झालं तर?"

"तर मी रडीन. तुमाले बोल नाई लावनार."

डॉक्टरांनी कागदाची घडी केली. ते रागावले नाहीत. मॅडमना बोलावून त्यांनी नवी गोळी लिहून दिली, कशी वाढवायची ते दोनदा सांगितलं, आणि गाडी गाठायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तिघं गडचिरोलीच्या गाडीत बसले. सोमारी बापाशी बोलत नव्हती. कोलू मधे बसून दोघांना चारोळ्या देत होता. मूलच्या स्टँडवर गाडी थांबली, लोक पाणी प्यायला उतरले. सोमारीही उतरली, आणि नळाजवळ पोचायच्या आत तिचा हात पदर चाचपू लागला.

वारलूनं तिला खाली पडायच्या आत धरलं आणि कुशीवर झोपवलं. पाच-पंचवीस माणसं गोळा झाली.

"मिरगी हाय, चप्पल हुंगवा!"

"कांदा आना कोनी!"

"दातात चमचा घाला भाऊ, जीभ तुटन!"

एक माणूस खरंच पायातली चप्पल काढून पुढे आला. इतकी वर्षं अशा वेळी वारलू मान खाली घालून उभा राहायचा, लोक करतील ते करू द्यायचा, जणू पोरगी त्यांची चोरी करताना सापडली आहे. आज तो तिच्या आडवा उभा राहिला.

"पायात घाल ते," तो त्या माणसाला म्हणाला.

"अरे, मदत करून राह्यलो..."

"नको मदत. हवा सोडा. हात लावाल तर याद राखा. ते आपली उठते."

"येड लागलं का बुढ्याले!"

"लागलं," वारलू म्हणाला. "सरका मांगं."

कोलू त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. दोघं म्हातारे हात पसरून उभे, मधे पोरगी. लोक थोडे मागे सरले. कंडक्टरनं घंटी दिली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. वारलूनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

सोमारीचं अंग शांत झालं. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले, आजूबाजूचे पाय पाहिले, मग बापाचे.

"कोनतं गाव आलं?"

"मूल."

"गाडी?"

"हाय. थांबन ते. नाई थांबली तर दुसरी येईन."

ती कोपरावर उठून बसली. तोंडावरची लाळ पुसली. चप्पलवाला अजून तिथेच उभा होता.

"हे सारे काऊन पाहून राह्यले, बा?"

"पाहू दे," वारलू म्हणाला, आणि तिला उठायला हात दिला. तिनं तो धरला नाही. जमिनीला हात टेकून ती आपली आपणच उठली, आणि पाणी प्यायला नळाकडे गेली.